पाळीवरून आलेला माणूस चिडचिडा का होतो? आवाज, रसायनं आणि कामगाराचं मन

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर ३६ वर्षं होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, आणि पाळी १२ तासांची. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं माग, आणि प्रत्येक मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटणार. घरी आले की अण्णा ओरडूनच बोलायचे. टीव्हीचा आवाज वाढवायचे. भांडं पडलं तरी अंगावर धावून यायचे. गल्लीत सगळे म्हणायचे, माणूस तापट आहे. आई मात्र म्हणायची, लग्न झालं तेव्हा असे नव्हते हो.

आईचं खरं होतं. ते मला कळलं नर्सिंग शिकल्यावर, आणि त्याहून जास्त कळलं कामगारांच्या आरोग्य शिबिरांत बसायला लागल्यावर. तिथं कुणी "माझं मन बरं नाही" म्हणत नाही. "डोकं जड असतं", "झोप लागत नाही", "कशात लक्ष लागत नाही", "पोरांवर हात उचलला जातो" असं म्हणतात. पुढच्या टेबलावर रक्तदाब मोजून त्यांना घरी पाठवलं जातं. दिवसाचे १२ तास तुम्ही काय ऐकता आणि कशात श्वास घेता, एवढं विचारायचं राहून जातं.

म्हणून हा लेख. तो कामगारासाठी आहे आणि त्याच्या घरच्यांसाठीही, कारण बदल पहिल्यांदा त्यांनाच दिसतो.

सगळ्यात आधी: वाट पाहायची नाही अशा गोष्टी

माणूस मरणाची भाषा बोलत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला निघाला असेल, भास होत असतील, तर खाली दिलेल्या सहा पायऱ्या बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. घरात कीटकनाशक, ॲसिड, गोळ्यांचा साठा असेल तर हलवा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. जिवाला धोका आहे असं वाटलं तर ११२ लावा किंवा थेट रुग्णालय गाठा.

कामावर असताना कुणी अचानक बरळायला लागला, झिंगल्यासारखा चालायला लागला, विनाकारण हसायला किंवा भांडायला लागला, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा. "पिऊन आलाय" हा निष्कर्ष नंतर काढा. बंद खोलीत रंग मारताना, टाकी धुताना, भट्टीजवळ असं होतं तेव्हा बऱ्याचदा कारण हवेत असतं. आणि टाकीत, खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये कुणी पडला असेल, तर त्याला काढायला तसंच आत उतरू नका. एकामागून एक माणसं अशीच जातात.

आवाज मनापर्यंत कसा पोचतो

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. मोठा आवाज आला की शरीराला तो धोक्याचा इशारा वाटतो. हृदय जोरात चालतं, रक्तदाब चढतो, अंग लढायला किंवा पळायला तयार होतं. धोका गेला की हे सगळं उतरायला हवं. मागाच्या शेडमध्ये ते उतरतच नाही. अंग १२ तास ताणलेलं राहतं, आणि घरी आलेल्या माणसाच्या आत तो ताण तसाच शिल्लक असतो. पोरानं चमचा वाजवला तरी शरीर त्याला धोकाच समजतं.

"आता सवय झाली" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. कामावर रुळल्यावर आवाजाकडे लक्ष जात नाही हे खरं. पण आवाज पूर्वीपेक्षा कमी वाटायला लागला असेल, तर ती बहुधा कान बधिर होत चालल्याची खूण आहे. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आवाजामुळे आधी जातो तो उंच पट्टीचा भाग, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा. मग स, श, फ, थ अशी अक्षरं निसटतात. बाईचा आणि लहान मुलाचा आवाज पुसट होतो. अण्णांना बोलणं ऐकू यायचं पण कळायचं नाही. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?" म्हणून ते आमच्यावर चिडायचे. लग्नकार्यात जाणं त्यांनी हळूहळू बंद केलं. चार माणसांत बसलं की सगळे हसतात आणि आपल्याला विनोद कळत नाही, आपल्यालाच हसतायत की काय, असं वाटायला लागतं. संशय आणि एकटेपणा असा कानातून आत शिरतो.

त्यात भर कानातल्या आवाजाची. कुणी म्हणतं सूं सूं, कुणी म्हणतं रातकिडे ओरडतात. शांत खोलीत पाठ टेकली की तो वाढतो. झोप मोडते, आणि महिनोन्‌महिने झोप मोडलेल्या माणसाला उदासी गाठतेच.

रसायनं मनापर्यंत कशी पोचतात

थिनर, चप्पल चिकटवायचं सोल्यूशन, टर्पेंटाइन, छपाईची शाई पुसायचं द्रावण, लाकडाचं पॉलिश. या सगळ्यांत सहज उडणारी द्रव्यं असतात, उदाहरणार्थ टोल्यूइन, झायलिन, हेक्झेन, ॲसिटोन. ती चरबीत विरघळतात, आणि मेंदूत चरबी भरपूर. श्वासातून रक्तात, रक्तातून मेंदूत, काही मिनिटांचं काम. अन्न किंवा दारू पोटातून आधी यकृताकडे जाते. वाफेला वाटेत यकृताचा तो नाका लागत नाही.

म्हणून पाळीत आधी थोडी गुंगी येते, हलकं वाटतं. पाळी सुटल्यावर डोकं ठणकतं, मळमळतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. हे रोज, वर्षानुवर्षं होत राहिलं तर चित्र बदलतं. विसर पडतो, कुलूप लावलं का हे पुन्हा जाऊन बघावं लागतं, कारण नसताना रडू येतं, राग आवरत नाही, बायकोजवळ जावंसं वाटत नाही. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडमध्ये १९७०च्या दशकात रंगाऱ्यांमध्ये हेच दिसलं, इतकं की लोक त्याला रंगाऱ्यांचा आजारच म्हणू लागले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कोपनहेगनच्या बैठकीत त्याच्या पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीवर फक्त मूड बिघडतो: थकवा, चिडचिड, उदासी. संपर्क थांबवला तर माणूस इथून परत येतो. स्मरणशक्ती आणि विचार करण्याची ताकद घसरल्यावर परतणं अवघड होत जातं. म्हणून चिडचिडीला "स्वभाव" म्हणून सोडून देणं महागात पडतं. ती पहिली घंटा असते.

ही माहिती नवी नाही, याचा मला राग येतो. मँगनीजची भुकटी श्वासात जाऊन चालण्याबोलण्यावर परिणाम झालेले कामगार ग्लासगोत १८३७ मध्ये नोंदले गेले. पुढे चिलीच्या खाणींत याच धातूमुळे माणसं आधी विचित्र वागू लागतात, विनाकारण हसतात-रडतात आणि मग त्यांचं चालणं बिघडतं, हे दिसलं. आपल्याकडे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत, आणि वेल्डिंगच्या धुरातही मँगनीज असतं. रबर कारखान्यांतल्या कार्बन डायसल्फाइडनं कामगारांच्या मनावर होणारा परिणाम देलपेश या फ्रेंच डॉक्टरनं १८५६ मध्ये मांडला. हेच द्रव्य व्हिस्कोस रेयॉन बनवताना वापरतात. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांत शिशामुळे थकवा, चिडचिड, निद्रानाश येतो. आणि शेतात फवारणारा मजूरही कामगारच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यातून वाचलेला माणूस पुढे अनेक महिने उदास, घाबरलेला, विसराळू राहिला तर त्याला "मनाचं दुखणं घेऊन बसलाय" म्हणू नका.

आवाज आणि रसायन एकत्र आले की नुकसान वाढतं. टोल्यूइन आणि स्टायरीन ही द्रव्यं स्वतःच कानाला इजा करतात. त्यात कॉम्प्रेसर किंवा ग्राइंडर शेजारी चालू असेल तर कान आणखी लवकर जातो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. सगळा दोष कामाच्या जागेवर टाकता येत नाही. कर्ज, तुटपुंजी मजुरी, रातपाळी, पत्र्याखालचा उकाडा, दारू, घरातलं दुःख, सगळं मिळून माणूस बनतो किंवा मोडतो. कामाचा वाटा किती, हे अंदाजानं ठरवू नका. त्यासाठीच पहिली पायरी.

पायरी १: चौदा दिवसांची वही

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग याच एका गोष्टीचा होतो, आणि तिला वीस रुपयांची वही पुरते.

रोज झोपण्यापूर्वी पाच ओळी लिहायच्या. आज पाळी कुठली आणि किती तासांची. कुठल्या यंत्रावर, कुठलं द्रव्य हाताळलं, खिडकी-पंखा चालू होता का. पाळी सुटताना डोकं कसं होतं: दुखणं, चक्कर, मळमळ, गुंगी. कानात आवाज होता का, किती वेळ टिकला. झोप किती लागली. शेवटी, आज कुणावर चिडलात का, रडू आलं का, काही विसरलात का. दारू-तंबाखू घेतली असेल तर तेही लिहा. लपवून फायदा नाही, ही वही तुमच्यासाठीच आहे.

घरातल्या एका माणसानं त्याच पानाच्या मागं आपली एक ओळ लिहायची. हे मी आग्रहानं सांगते, कारण चिडलेल्या माणसाला आपण चिडलो होतो हे बऱ्याचदा आठवत नाही. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर रोज अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करा. एका लूम कामगारानं कॅलेंडरवर फक्त खुणा केल्या होत्या: डोकं दुखलं की गोळा, भांडण झालं की फुली. तेवढ्यावरूनही सगळं दिसलं.

चौदा दिवसांनी वही उघडून तीन गोष्टी बघा. सुटीच्या दिवशी बरं वाटतं का आणि कामावर गेल्यावर पुन्हा सुरू होतं का? ठरावीक खोली, ठरावीक डबा, ठरावीक यंत्र असतं त्या दिवशी त्रास वाढतो का? त्याच खोलीतल्या दुसऱ्या कुणाला तसंच होतंय का? दोन प्रश्नांना "हो" आलं तरी कामाकडे बोट दाखवायला जागा आहे.

इथं एक चकवा आहे. सुटीतही फरक पडत नसेल तर "म्हणजे कामाचा संबंध नाही" असं लगेच ठरवू नका. फार वर्षांचं नुकसान सुटीत भरून येत नाही.

पायरी २: डबा ओळखा, आवाज मोजा

कामगारांच्या तोंडी नावं असतात "सोल्यूशन", "थिनर", "लिक्विड". डॉक्टरला त्यावरून काहीच कळत नाही. डब्यावरच्या छापील लेबलचा स्पष्ट फोटो काढा, चारही बाजूंनी. सुट्या बाटलीत माल येत असेल तर तो कुठून भरला जातो ते बघा आणि मूळ पिंपाचा फोटो काढा.

मग मालकाकडे किंवा सुपरवायझरकडे त्या मालाची सेफ्टी डेटा शीट मागा. १६ भागांचा तो कागद असतो. १९८९च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार घातक रसायनाबरोबर तो असायला हवा. सगळा वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, आठव्यात हवेतली मर्यादा आणि कुठले हातमोजे-मास्क वापरायचे ते, अकराव्यात शरीरावरचे परिणाम. दुसऱ्या भागात एच ३३६ (H336) असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ गुंगी किंवा चक्कर येऊ शकते. एच ३७३ (H373) म्हणजे दीर्घकाळ किंवा वारंवार संपर्कानं अवयवांना इजा होऊ शकते. हे दोन आकडे डॉक्टरला दाखवण्यासारखे आहेत.

वास येत नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. बाहेरून येणारा चहावाला नाक दाबून आत येतो आणि तुम्हाला काहीच जाणवत नाही, तेव्हा नाक त्याचं खरं आहे.

आवाजासाठी एक सोपी कसोटी. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरा. यंत्रमागाच्या शेडमध्ये तो ९० ते १०० आणि त्याहून जास्तही असतो. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं चालतं. आयफोन असेल तर अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेचं मोफत ॲप बरं आहे, बाकीच्या फोनवर आकड्यांत फरक पडतो. आपल्या कारखाना नियमांत ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास अशी मर्यादा चालत आली आहे. निऑशचा हिशेब जास्त कडक आहे: ८५ ला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबानं १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. १२ तासांची पाळी या दोन्हींपैकी कुठल्याच तक्त्यात बसत नाही, हे माझं मत म्हणून नाही, साधं गणित म्हणून बघा.

पायरी ३: संपर्क कमी करा, मास्क सगळ्यात शेवटी

बहुतेक ठिकाणी सुरक्षा म्हणजे मास्क वाटून फोटो काढणं. खरा क्रम उलटा आहे: आधी द्रव्य किंवा यंत्र बदलता येतं का ते बघा, मग हवा, मग वेळ, आणि शेवटी अंगावरची साधनं.

द्रव्यांच्या बाबतीत पैसे न लागणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. डबा उघडा ठेवू नका. ब्रश जाईल एवढंच तोंड असलेलं भांडं वापरा. भिजलेली चिंधी झाकणाच्या डब्यात टाका, कोपऱ्यात पडलेली चिंधी दिवसभर वाफ सोडते. थिनरनं हात धुऊ नका. ते कातडीतूनही आत जातं. आधी खाद्यतेल चोळा, मग साबण. जेवण, चहा, तंबाखू त्या खोलीत नको.

हवेबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. टोल्यूइन, हेक्झेन यांची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते. ती खाली बसते. आपल्याकडे चप्पल चिकटवणारे, पॉलिश करणारे जमिनीवर मांडी घालून बसतात, म्हणजे नाक नेमकं तिथंच. छताजवळचा एक्झॉस्ट फॅन त्यांच्या काय कामाचा? काम टेबलाच्या उंचीवर आणा आणि हवा ओढणारा पंखा कामाच्या पातळीला लावा. हवा माणसाच्या पाठीमागून येऊन कामावरून बाहेर जायला हवी. पंखा कामाच्या पलीकडून तोंडावर वारा मारत असेल तर तो वाफ नाकात ढकलतो.

घरी बसून चिकटवण्याचं काम करणाऱ्या बायांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एकाच खोलीत स्वयंपाक, काम आणि पाळण्यातलं मूल, हे थांबवा. काम घराबाहेरच्या ओट्यावर, गॅलरीत, दारात न्या. जमिनीवर रांगणारं मूल सगळ्यात जास्त वाफ घेतं, आणि शेगडीजवळ या वाफेचा भडकाही उडतो.

मास्कचं. रुमाल, कापडी मास्क, हिरवा-निळा दवाखान्याचा मास्क, एन-९५, यातलं काहीही वाफ अडवत नाही. धूळ आणि वाफ या वेगळ्या गोष्टी आहेत. वाफेला कोळशाची डबी (कार्ट्रिज) बसवलेला मास्क लागतो, आणि ती डबी संपते. मास्क लावूनही वास येऊ लागला तर डबी ताबडतोब बदला. पण वास येईपर्यंत थांबूही नका, डबी बदलायचे दिवस ठरवून घ्या.

आवाजाच्या बाबतीत जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या लोकांना खूप काही करता येतं. सैल झालेले नट-बोल्ट, धोट्याला धक्का देणारे झिजलेले पिकर, कोरडे पडलेले भाग आवाज वाढवतात. मागाच्या पायाखाली रबराची गादी घातली तर हादरे कमी होतात. कांड्या भरण्याचं काम भिंतीपलीकडे नेलं तर निदान ती माणसं सुटतात. दर दोन तासांनी दहा मिनिटं शेडच्या बाहेर, आवाजापासून लांब बसा. मालकाला हे वेळ घालवणं वाटेल, पण ताणलेल्या माणसाच्या हातून धागाही जास्त तुटतो आणि बोटही.

कानात कापूस घालून काही होत नाही. फोमचे प्लग वापरा आणि ते नीट बसवा: स्वच्छ हातानं बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा आला की बसला. अर्धवट खुपसलेला प्लग नुसता दिखावा. आणि मागाच्या आवाजावर मात करायला कानात इअरफोन घालून गाणी लावणारे तरुण मी रोज बघते. बाळांनो, आवाजावर आवाज चढवताय तुम्ही.

पायरी ४: डॉक्टरकडे काय घेऊन जायचं, काय म्हणायचं

वही, डब्यांचे फोटो, आणि कामाचा इतिहास एका पानावर: कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कुठल्या खात्यात, काय हाताळलं. बायोडाटात लिहीत नाही ते सुद्धा लिहा, म्हणजे लहानपणी केलेलं काम, रविवारचं जोडकाम.

डॉक्टरांच्या दालनात तुमच्या हातात तीन मिनिटं असतात. पहिलं वाक्य हे असू द्या: "डॉक्टर, मी अमुक वर्षं अमुक द्रव्यावर किंवा एवढ्या आवाजात काम करतो, आणि गेल्या इतक्या महिन्यांपासून झोप, राग आणि विसरण्यात फरक पडलाय. कामाचा संबंध आहे का ते बघायचंय." "अंग दुखतंय"नं सुरुवात केलीत तर वेदनाशामक गोळी घेऊन बाहेर याल.

साध्या तपासण्या आधी होऊ द्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२. यांच्या कमी-जास्तानंही असाच थकवा आणि उदासी येते. मग कामाप्रमाणे. शिशाचं काम असेल तर रक्तातलं शिसं. कीटकनाशक असेल तर कोलिनएस्टरेज ही रक्ताची तपासणी. टोल्यूइन, हेक्झेन किंवा स्टायरीनसाठी लघवीची तपासणी असते, पण नमुना पाळी संपता संपता द्यावा लागतो. चार दिवसांच्या सुटीनंतर दिला तर अहवाल स्वच्छ येईल आणि त्याचा अर्थ काहीच नसेल. कानाची ऑडिओमेट्री याउलट: आधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहून करा, म्हणजे तात्पुरता बधिरपणा मोजला जाणार नाही. रातपाळी सुटल्या सुटल्या ही तपासणी करणारी शिबिरं मी पाहिली आहेत. त्या आकड्यांना काय अर्थ?

मानसोपचाराची लाज नको. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. त्यासाठी येरवडा किंवा रत्नागिरीचं मनोरुग्णालय गाठायची गरज नाही. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या तर मनानं बंद करू नका. मात्र गोळी घेऊन त्याच वाफेत रोज १२ तास बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं, हे डॉक्टरांनाही सांगा. झोपेच्या गोळ्या दुकानातून स्वतः घेऊ नका. आणि दारूबद्दल: टोल्यूइन बाहेर टाकायचं यकृताचं काम दारू अडवते, म्हणून वाफेत काम केलेल्या दिवशी घेतलेली दारू जास्त चढते आणि विषही जास्त वेळ अंगात राहतं.

गुंतागुंत वाटली तर व्यावसायिक आजारांचे तज्ज्ञ विचारा. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मुंबईत शीवची केंद्रीय श्रम संस्था या याच विषयावर काम करतात.

पायरी ५: कागद

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियम १९४८ च्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आली आहे. कामातल्या धोक्याची माहिती मालकाकडून मिळवण्याचा आणि जिवावर बेतेल असं काही दिसलं तर कळवण्याचा कामगाराचा हक्क तिच्यात आहे. ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणीही आहे. पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे आता किमान २० कामगार. मूळ कारखाने अधिनियमात १० होते. दहा-बारा माणसांच्या शेड त्या व्याख्येतून बाहेर पडतात, आणि सगळ्यात मोठा आवाज, सगळ्यात कोंदट खोली तिथंच असते. हे मला मुळीच पटत नाही.

सरकारला कळवायलाच हवेत अशा आजारांच्या यादीत शिसं, पारा, मँगनीज, कार्बन डायसल्फाइड यांची विषबाधा आणि आवाजामुळे आलेलं बहिरेपण आहे. नैराश्याचं नाव नाही. म्हणून कानाचा आणि रक्ताचा अहवाल जपून ठेवा. मनाचा त्रास दाखवायला कायद्यात दार नसेल, तर निदान बहिरेपणाचं दार उघडं आहे. कामगार राज्य विमा योजनेचं (ईएसआय) कार्ड असेल तर तिच्या दवाखान्यात "कामामुळे झालेला आजार असावा" अशी नोंद मागा. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

तक्रारीला एकट्यानं जाऊ नका. कंत्राटी माणूस एकटा बोलला की दुसऱ्या दिवशी त्याची पाळी बंद होते. चौघांच्या चार वह्या एकत्र ठेवा, युनियन असेल तर त्यांच्यामार्फत जा, आणि मागणी छोटी, ठोस ठेवा: एक पंखा, झाकणाचे डबे, दहा मिनिटांची सुटी. लेखी द्या आणि पोच घ्या.

पायरी ६: घरी

पाळीवरून आलेल्या माणसाला पहिला अर्धा तास शांत द्या. टीव्ही बंद, हिशेब नको, शाळेच्या तक्रारी नकोत. कामाचे कपडे दाराशीच काढून वेगळे ठेवा. शिसं, कीटकनाशक कपड्यांवरून पोरांपर्यंत जातं.

ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशी समोर येऊन, उजेडात, ओठ दिसतील असं बोला. पाठीमागून ओरडू नका. ऐकण्याचं यंत्र लागणार असेल तर ते चष्म्यासारखं घ्या. मात्र कामावर प्लगच्या ऐवजी ते चालत नाही.

चिडचिड समजून घेणं म्हणजे मार सहन करणं नव्हे. आईला मी हे फार उशिरा सांगू शकले. हात उचलला जात असेल तर १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. आजाराचं कारण कळलं तरी घरातल्यांची सुरक्षितता आधी.

आणि कानात आवाज असणाऱ्यांना पूर्ण शांततेत झोपवू नका. कानाच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर आम्ही अण्णांच्या उशाशी रात्री टेबल फॅन लावायला लागलो, हिवाळ्यातही, तोंड भिंतीकडे करून. त्या घरघरीत कानातला माग बुडायचा. पहिल्या रात्री ते साडेअकरालाच झोपले. आई बराच वेळ जागी राहून त्यांचा श्वास ऐकत बसली होती.